वारुळं मोडायची का?

गवताळ जमिनींचा अभ्यास करतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: मुंग्यांची ही वारुळं गवताला मारक नाहीत का? मोडून जमीन सपाट केली तर काय बिघडलं? तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

वाळवीची टणक, उंच वारुळं वेगळी. वाळवी मुंगी नव्हेच, ती झुरळांच्या कुळातली. मी बोलतोय ते मुंग्यांनी उपसलेल्या मऊ मातीच्या उंचवट्यांबद्दल. युरोपातल्या जुन्या कुरणांत लॅसिअस फ्लेव्हस ही पिवळी मुंगी असे उंचवटे रचते आणि नांगर लागला नाही तर ते कित्येक दशकं टिकतात.

अशा उंचवट्यात बोट खुपसून पाहा. माती भुसभुशीत, खडे जवळपास नाहीतच, कारण मुंगी वर आणते तो कण तिच्या जबड्यात मावणारा. शेजारच्या गुरांनी तुडवलेल्या जमिनीत मात्र नखही शिरत नाही. बिळांमुळे हवापाणी खेळतं. मेलेले किडे, उष्टंखरकटं आत कुजतं, त्यामुळे स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) ही झाडांची अन्नद्रव्यं बहुधा आजूबाजूपेक्षा जास्त सापडतात. आम्लधर्मी जमिनीत सामूही (pH) थोडा वर सरकतो, म्हणजे आम्लता कमी होते.

मग तिथे गवत माजायला हवं ना? तसं होत नाही, आणि मला यातली हीच गोष्ट सगळ्यात आवडते. मुंग्या वरून सतत नवी माती टाकत राहतात. जमिनीलगत पानांचं चक्र पसरणारी झाडं त्याखाली गाडली जातात. थाइम हे जमिनीवर पसरणारं सुगंधी झुडूप मात्र टिकतं, कारण मातीत दबलेल्या फांदीलाच ते मुळं फोडतं. उघड्या मातीवर एका हंगामात आयुष्य उरकणाऱ्या इवल्या वनस्पती उगवतात. दाट गवतात त्यांना कुणी उभं केलं नसतं. त्यात उत्तर गोलार्धात उंचवट्याची दक्षिण बाजू तापलेली, कोरडी आणि उत्तर बाजू गार, ओलसर. हातभर अंतरात झाडोरा बदलतो.

गवताला काहीच तोशीस नाही असं मात्र म्हणणार नाही. ही पिवळी मुंगी मुळांवर मावा ही रस शोषणारी कीड पाळते, म्हणजे रस गवताचाच जातो. उत्तर अमेरिकेतल्या काही हार्वेस्टर (बिया गोळा करणाऱ्या) मुंग्या तर वारुळाभोवतीची झाडंझुडपं कुरतडून गोल टक्कल पाडतात. त्या टकलाच्या कडेला मात्र गवत अनेकदा जास्त तरारलेलं दिसतं. नुसत्या चाऱ्याचा हिशेब मांडणाऱ्याला ते टक्कल तोट्याचंच वाटणार आणि त्यावर मी वाद घालत नाही.

कापणीच्या यंत्राचं पातं अडकतं हा वैतागही खराच. मग यंत्र जाईल तेवढ्याच पट्ट्यातली वारुळं काढा, बाकीची राहू द्या. आणि तिथली चराई बंद करू नका. गवत उंच वाढून सावली धरू लागलं की ही पिवळी मुंगी हळूहळू आपणहूनच कमी होते.