रविवारचा इष्टू

वसई, जुलै. रविवार.

चर्चमधून आल्या आल्या टोप चढवला. जून-जुलैत यांत्रिक होड्या किनाऱ्याला लागलेल्या, बाजारात ताजी मासळी नाही, आणि पाऊस असा की दुपारपर्यंत कुणी दाराशी यायचं नाही. आमच्या घरात इष्टूचे, म्हणजे मंद आचेवर शिजवलेल्या मटणाच्या रश्श्याचे, दिवस हेच. आजी तिच्या सासूकडून शिकली, आई आजीकडून.

करायचं फार थोडं असतं. मटणाच्या मोठ्या फोडी, उभा चिरलेला कांदा, ठेचलेलं आलं-लसूण, दालचिनी, मिरी, बाटली मसाला, मीठ, गरम पाणी. वर झाकण. वाटप नाही, खोबरं नाही. बटाटा-गाजर मागाहून.

मटण मात्र नडगीचंच हवं. लोक मांडीचं मऊ मटण मागतात, पण ते तासन् तास शिजलं की कोरडं पडतं. नडगीतल्या शिरा आणि पांढरे पडदे मंद आचेवर विरघळत जातात आणि रश्श्याला ओठांना चिकटणारा दाटपणा येतो. उरलेला इष्टू फ्रिजमध्ये ठेवला की सकाळी थिजलेला असतो, तो त्याच्यामुळेच. कुकरमध्ये लवकर होतं खरं. पण मला मधूनमधून झाकण उघडून चमच्याने फोड दाबून बघायची असते, म्हणून टोपच.

आजी बैलाचं मटण घ्यायची. 2015मध्ये महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळूही कायद्याने बंद झाले, तेव्हापासून आमच्या टोपात रेड्याचं. रंगाने काळपट, चरबी पांढरीशुभ्र. आईला ती चव बरेच दिवस परकी वाटत होती. मला आता तीच इष्टूची चव वाटते. हे लिहिताना जिवाला लागतं, कारण आजीच्या हातचा इष्टू आठवायचा म्हटलं तर मला आता थांबून आठवावा लागतो.

बाटली मसाला आत्याच्या घरचा. एप्रिल-मेच्या कडक उन्हात मिरच्या, धणे, हळकुंडं वाळवायची, एकेक जिन्नस वेगळा भाजायचा, कुटायचा, आणि गडद रंगाच्या बियरच्या बाटल्यांत ठासून भरायचा. उजेड लागला नाही की रंग वर्षभर टिकतो. त्यात भाजलेला गहू आणि चणाडाळही असते, म्हणून इष्टूला वेगळं पीठ लावावं लागत नाही. वसई 1534 ते 1739 पोर्तुगीजांकडे होती. मिरची आणि बटाटा पोर्तुगीजांबरोबर या किनाऱ्याला आले. गहू, डाळ, तीळ इथे आधीपासूनचे. आमच्या घराण्याचंही तसंच, नाव-आडनाव तिकडचं, बोली इथली. टोप ढवळताना हे मनात येतं आणि मला फार बरं वाटतं.

ताडीचा शिरका सगळ्यात शेवटी. "अगो, बटाटा शिजू दे आधी," आजी माझा हात धरायची. आंबट आधी पडलं तर बटाटा कितीही उकळा, टणकच राहतो. तिने कारण कधी सांगितलं नाही, पण तिचं म्हणणं दरवेळी खरं ठरलं.

आत्या म्हणते, तुमचा इष्टू फिका. तिच्याकडे मसाला दुप्पट पडतो, चवही छान असते. तरी मी वाढवणार नाही. मटणाचा, कांद्याचा आणि दालचिनीचा वास वेगवेगळा यायला हवा. मसाला चढला की सगळंच लाल आणि एकसारखं लागतं.

लेकीने दुपारी हॉस्टेलवरून प्रमाण विचारलं. आजीने कधी मोजलं नव्हतं, म्हणून आज पहिल्यांदा चमच्याने मोजून घातलं आणि तिला कळवलं: एक किलो मटणाला बाटली मसाला दोन सपाट चमचे, शिरका एक मोठा चमचा, कांदे चार. गाजर तिला आवडत नाही. नाही घातलं तरी चालेल, असंही लिहिलं.