मुंबई-दिल्ली उड्डाणवेळ: पावसाळ्यातले जादा सेकंद सापडले

सापडलं एकदाचं! गच्चीवरच्या ॲन्टेनाने विमानांचे रेडिओ संदेश पकडून मी उड्डाणवेळ मोजतो; त्यात मुंबईत विमानाची चाकं टेकण्याची वेळ हिवाळ्यात चोख आणि जून लागला की वीस-पंचवीस सेकंद उशिराची, हे माझं रडगाणं तुम्ही बरेच दिवस ऐकताय.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. चेंबूरच्या आमच्या गच्चीसमोर पुनर्विकासाचा टॉवर चढला आणि ॲन्टेनाची उत्तर बाजू गेली. 27 क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरणारं विमान घाटकोपरवर येता येता, हजारेक फुटांवर, हिरव्या जाळीमागे गुडूप. पुढचं सगळं गणितावर: 3 अंशांचा उतार म्हणजे सागरी मैलाला 318 फूट. 1000 फुटांवरून टेकेपर्यंत पावणेसहा किमी, 140 नॉटने (ताशी 140 सागरी मैल) सुमारे 80 सेकंद. कुर्ल्याच्या मित्राला धावपट्टी थेट दिसते. तो रविवारी आपला नोड (असाच संदेश पकडणारा संच) चालू ठेवतो, त्याच्याशी ताडलं की पावसाळ्यात माझं विमान हमखास उशिरा टेकलेलं.

आधी डोंगलवर (संगणकाला जोडलेल्या छोट्या रेडिओ रिसीव्हरवर) संशय. मग घड्याळावर. समोरून येणाऱ्या वाऱ्यावरही घेतला, पण हा हिशोब करणारी माझी संगणकावरची स्क्रिप्ट जमिनीच्या तुलनेतलाच वेग घेते, म्हणजे तो आधीच धरलेला.

चोर निघाला हवेचा दाब. विमानातला ट्रान्सपॉन्डर (हे संदेश पाठवणारं यंत्र) उंची पाठवतो ती 1013.25 हेक्टोपास्कल दाब धरून. वैमानिक स्थानिक दाब लावतो, त्याला खरी उंची दिसते. ट्रान्सपॉन्डरला त्याचं सोयरसुतक नाही. जानेवारीत मुंबईचा दाब त्याच आकड्याजवळ, म्हणून उत्तर जुळायचं. भर पावसाळ्यात 1003 झाला, की हेक्टोपास्कलला 27-28 फुटांच्या हिशोबाने हजार फुटांवरचं विमान माझ्याकडे पावणेतेराशेवर. तेवढी फुकटची उंची उतरवायला 22-23 सेकंद! आता स्क्रिप्ट व्हीएबीबीच्या (मुंबई विमानतळाच्या) दर अर्ध्या तासाच्या मेटारमधून, म्हणजे हवामान-अहवालातून, दाब उचलते. गेल्या रविवारी कुर्ल्याशी ताडलं, दोन-तीन सेकंदांत जुळलं. त्या खुशीत घरच्यांना वडापाव.

आणि हे लिहिता लिहिताच डोक्यात आलं: उंचीच्या नादी लागायचंच कशाला? शेवटच्या संदेशात अक्षांश-रेखांश आहेतच. तिथून थ्रेशोल्डपर्यंतचं (धावपट्टीच्या सुरुवातीपर्यंतचं) अंतर भागिले वेग, संपलं. उंची घेतली होती कारण मग धावपट्टी कुठली ते बघावं लागत नाही. पण 27 की 14 हे विमानाच्या दिशेवरूनच कळतं. आज रात्री दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालवतो.

अंतराचं काम आटोपलं. मुंबई-दिल्ली सरळ रेषेत 1140 किमी. हॅव्हरसाइन सूत्रातली गोल पृथ्वी आणि डब्ल्यूजीएस-84 मधली किंचित चपटी पृथ्वी यांत तीन-साडेतीन किमीचा फरक येतो, त्यावरून भांडू नका. विमान त्या रेषेवरून जातंय कुठे? दिल्लीहून आलं तरी 27 साठी आधी पूर्वेला जाऊन पश्चिमेकडे तोंड करावं लागतं. दिल्लीत द्वारकेच्या मित्राने टिपलेली विमान उडाल्याची वेळ आणि माझी टेकण्याची वेळ घेतली तर पावणेदोन तासांच्या आत-बाहेर, तिकिटावर मात्र सव्वादोन. बाकीचा वेळ टॅक्सीवे (धावपट्टीकडे जायचे-यायचे रस्ते) आणि वेळापत्रकातल्या राखीव मिनिटांचा.

लॅमिंग्टन रोडवरून आणलेला 1090 मेगाहर्ट्झचा सॉ फिल्टर (विमानांचे संदेश सोडून बाकीचे सिग्नल अडवणारा) वसूल झाला. मोबाइल टॉवरांच्या या गर्दीत फिल्टरशिवाय महागडा डोंगलही बहिरा. ऑनलाइन मागवलेली तयार केबल मात्र पहिल्या सरीलाच कनेक्टरपाशी हिरवी पडली; यापुढे कनेक्टर स्वतः क्रिम्प करणार (दाबून बसवणार) आणि वरून सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच घट्ट चिकटणारी) टेप.

पुढचा मार्ग कोलकाता ठरवला होता, 1660 किमी, जेट स्ट्रीममुळे (उंचावरच्या वेगवान वाऱ्यामुळे) हिवाळ्यात जाताना-येतानाचा फरक बघायला. पण तिकडे आपला कोणी नोडवाला नाही. डमडम विमानतळाजवळ कोणाचा मामा-काका गच्ची द्यायला तयार असेल तर कळवा, डोंगल मी पाठवतो.