दिवेलागणीला आडवं पडायचं नाही

३१ जानेवारी २०२० ला मी बीएसएनएलमधून व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेतली. देशभरातून ७८ हजारांच्या वर लोक त्या दिवशी बाहेर पडले, त्यातलीच मी एक, वय ५२, नोकरी २९ वर्षं. सेंड ऑफला जो तो म्हणत होता, आता मस्त आराम करा. दोन महिने व्हायच्या आत लॉकडाऊन लागलं, घरात पाच माणसं, कामाच्या मावशी बंद, तिन्ही त्रिकाळ स्वयंपाक आणि भांडी, आणि त्यातच माझा उजवा खांदा आखडला. केस बांधायला हात मागे जाईना, रात्री कुशीवर वळलं की जाग यायची. फिजिओथेरपीने बराच फरक पडला पण खांदा कायम कानाजवळ ओढल्यासारखा राहायचा, म्हणून २०२१ च्या शेवटी घराजवळच्या एका योगवर्गाला जायला लागले.

तिथल्या ताईंनी पहिल्याच दिवशी मला सुप्त बद्ध कोनासनात ठेवलं. म्हणजे पाठीखाली लांबीला लोड, तळपाय एकमेकांना जुळवलेले, दोन्ही गुडघे बाहेर सोडलेले आणि त्यांच्याखाली आधार. मी पडले खरी पण डोक्यात दूध तापवून झाकलं का, कुकर लावायचाय, हेच. मग ताई आल्या, माझ्याकडे नुसतं बघितलं, आणि सोलापुरी चादरीची घडी करून माझ्या उजव्या हाताखाली कोपरापासून बोटांपर्यंत सरकवली. हात जमिनीपासून चारेक बोटं वर लटकत होता आणि ते मला माहीतच नव्हतं, दीड वर्षं मी तो हात असा उचलूनच धरला होता, झोपेतसुद्धा. घडी खाली आली आणि खांदा सुटला. दुखणं गेलं असं नाही म्हणत मी, खांदा सुटला, एवढंच. पण त्या क्षणी मला वाटलं की हे जे ह्यांनी केलं ते मला शिकायचंय, दुसऱ्याचा हात कुठे लटकतोय ते बघता यायला पाहिजे.

शिकायचं ठरवलं तेव्हा मी ५५ ची होते. कोर्सच्या चौकशीला गेले तर तिथे मला विचारलं, काकू, स्वतःसाठीच करताय ना? वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मी म्हटलं, नाही, शिकवायचंय. वर्गात बाकी मुलं पंचविशीतली, त्यांची चक्रासनं बघत बसावीशी वाटायची, पण शवासनात त्यांना दोन मिनिटं निघत नव्हती, पायाची बोटं हलायची, डोळे किलकिले व्हायचे. मला निघायची. पुढे सरकारी योगा सर्टिफिकेशन बोर्डाची योग प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टरची परीक्षा दिली, संस्कृत नावं पाठ करायला सर्वात जास्त वेळ गेला, आणि मग दोन वर्षं त्याच ताईंच्या वर्गात मदतनीस म्हणून लोड उचलले, चादरी घातल्या. माझं खरं शिक्षण तिथे झालं.

आता आधार देऊन आसनात ठेवायची ही सगळी पद्धत आली कुठून ते सांगायला मला आवडतं कारण ती आपल्या पुण्याची आहे. योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार गुरुजी १९३७ मध्ये पुण्यात आले ते अठरा वर्षांचे, लहानपणी आजारपणाने पोखरलेले, आणि आपल्या शरीराला जे जमत नाही ते कशाच्या आधाराने जमेल हे त्यांनी आयुष्यभर शोधलं. खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळा, लोड, भिंतीतल्या दोऱ्या, हे सगळं त्यातूनच आलं. १९७५ मध्ये शिवाजीनगरला त्यांची संस्था उभी राहिली आणि जगभरातले लोक तिथे शिकायला येऊ लागले. त्यांच्या अमेरिकन शिष्या ज्युडिथ हॅन्सन लॅसेटर यांनी यातला विश्रांतीचा भाग तिकडे रिस्टोरेटिव्ह योगा या नावाने वाढवला, आणि आता ते नाव फिरून आपल्याकडे आलंय. मी स्वतः अय्यंगार पद्धतीची सर्टिफाइड टीचर नाही, तो रस्ता खूप वर्षांचा आहे, तसं कुणाला भासवतही नाही. पण ऋण त्यांचंच आहे.

माझा वर्ग सोसायटीच्या हॉलमध्ये, आठ जणी, आठच, कारण त्याहून जास्त असल्या तर माझी नजर पुरत नाही. तासाभरात चार, फार तर पाच आसनं. एकेका आसनात दहा-दहा मिनिटं पडायचं म्हटल्यावर आधार चुकून चालत नाही. लोड मी गादीवाल्याकडून करून घेतले, तो म्हणाला लग्नाला पाहिजेत का, मी म्हटलं नाही हो, पाठीला. फोमचे आधी आणले होते, माणूस त्यात रुततो आणि कंबर खाली जाते, ते परत केले. कापसाचा, ठासून भरलेला, दोन हातांनी उचलावा लागेल असा लोड पाहिजे. चादरीची घडीसुद्धा मी स्वतः घालते, बंद कड मानेकडे आणि दशा बाहेरच्या बाजूला, मानेखाली एक चुणी राहिली तरी दहा मिनिटांनी ती खड्यासारखी टोचते.

एक चूक लिहूनच ठेवते, दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल. पहिल्याच वर्षी पाठीला किंचित पोक असलेल्या एक काकू आल्या. मी त्यांना सरळ उताणं झोपवलं, डोक्याखाली काही नाही. त्यांची हनुवटी वर गेली, मान मागे मोडली, आणि मी दुसरीकडे वळले होते. पाच मिनिटांनी त्या हळूच म्हणाल्या, ताई, गरगरतंय. मी धावत जाऊन त्यांना कुशीवर घेतलं, पाठीवर हात ठेवून बसले, त्या सावरल्या, पण त्या रात्री मला झोप नाही लागली. तेव्हापासून आधी कपाळ बघते, ते हनुवटीपेक्षा थोडं वर पाहिजे, नसेल तर घडी. आणि पहिल्या दिवशीच विचारून घेते, बीपी, काचबिंदू, मणक्याचं ऑपरेशन. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारं काहीही नाही, कारण डोळ्यातला दाब वाढतो. उठतानाही आधी कुशीवर, मग हाताने रेटा देऊन बसायचं, झटक्यात नाही.

हा झोपायचा क्लास आहे असं कुणी म्हटलं की मला राग येतो. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, सोडणं लांबलं की शरीराला कळतं की आता धावायचं नाहीये, आणि हे होताना माणूस जागा असतो, आतून बघत असतो. ते शिकावं लागतं. माझ्या वर्गातल्या बायकांना तर फारच, कारण सगळ्या साठीच्या पुढच्या, दिवसा आडवं पडली की आजारी आहेस का असं विचारलं जाणाऱ्या घरांत आयुष्य गेलेलं.

सुरुवातीला मी वर्ग संध्याकाळी साडेसहाला ठेवला होता. बायका यायच्या, बसून सगळं करायच्या, आणि विपरीत करणीची वेळ आली, पाय भिंतीला लावून कंबरेखाली लोड घ्यायचा, की चुळबुळ सुरू. एकीने शेवटी सांगितलं, अहो ताई, दिवेलागण झाली, आत्ता कसं आडवं पडायचं, लक्ष्मी यायची वेळ. माझी आई हेच सांगायची, मला कळायला हवं होतं. मी वाद घातला नाही. वर्ग साडेचारला घेतला, म्हणजे सहाच्या आत घरी जाऊन दिवा लावता येतो. त्या आठवड्यापासून त्यांचे गुडघे सुटायला लागले, मी दुसरं काहीही बदललेलं नव्हतं.

आई आता ८२ ची. घरातलं शेवटचं माणूस जेवेपर्यंत ती कधी पाठ टेकायची नाही. दिवाळीच्या आधी आली होती राहायला, पाय सुजलेले, म्हणून डॉक्टरांना दाखवून आणलं आणि त्यांना विचारून रोज दुपारी तिला पलंगावर झोपवून पोटऱ्यांखाली लोड द्यायला लागले, डोक्याखाली घडी, डोळ्यांवर मऊ पंचा. एक दिवस मला बँकेतून यायला उशीर झाला, तिने पाच वाजता लोड मागितला, आणि सहा कधी वाजले कळलंच नाही. मी दिवा लावला, उदबत्ती लावली, तिला हाक मारली नाही. वासाने ती जागी झाली. पंचा तसाच डोळ्यांवर, म्हणाली, दिवा लावलास का गं?

लावला, आई.

मग राहू दे अजून थोडा वेळ.