परीघ म्हणजे आधी सोटा होता

वर्तुळाचा परीघ काढा, हे वाक्य शाळेत किती वेळा वाचलं असेल. टू पाय आर, टाका किंमत, काढा उत्तर, विषय संपला. पण अमरसिंहाचा अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश उघडून परिघ शोधलात तर तो गणिताच्या आसपास कुठेच नाही, तो सापडतो शस्त्रांच्या यादीत! परिघ म्हणजे लोखंडाने मढवलेला जाडजूड सोटा, नाहीतर दाराला आतनं लावायचा भक्कम अडसर. महाभारतात वीरांचे बाहू परिघासारखे असतात ना, ते हेच, म्हणजे अडसरासारखे दणकट. त्याचा वर्तुळाच्या कडेशी काही संबंध नाही. हिंदीवाले परिधि म्हणतात, भास्कराचार्यांच्या लीलावती या गणिताच्या ग्रंथातही परिधीच आहे, आपण मराठीत मात्र हा सोटा उचलून वर्तुळाभोवती वाकवून बसवलाय.

आणि गंमत इथेच संपत नाही. व्यासाला जुना संस्कृत शब्द आहे विष्कंभ, आर्यभटाने २०००० विष्कंभाच्या वर्तुळाचा घेर साधारण ६२८३२ असतो असं सांगितलंय त्यात हाच शब्द आहे. आता अमरकोशात विष्कंभ बघा, तर दाराचा विष्कंभ म्हणजे अर्गला. परत अडसर! पण इथे मात्र पटतं, कारण दार या बाजूपासून त्या बाजूपर्यंत आडवं अडवणारी दांडी आणि वर्तुळाला मधोमध आडवा छेदणारा व्यास, चित्र एकच आहे. घरातल्या भिंतीवरच्या पंचांगाच्या कॅलेंडरवर २७ योग असतात, त्यात पहिला विष्कंभ आणि एकोणिसावा परिघ, दोन्ही अशुभ मानलेले. अडसर म्हटल्यावर अशुभच असणार म्हणा, काम अडलं की संपलं. पण हे दोन शब्द रोज भिंतीवर लटकत असतात आणि आपण फक्त एकादशी आणि सुट्ट्या बघतो.

अमरकोश हा आजच्या डिक्शनरीसारखा नाही हे आधीच सांगायला पाहिजे होतं, तिथे व्याख्या जवळपास नसतातच, श्लोकात समानार्थी शब्द एकापुढे एक ओवलेले असतात आणि पाठशाळेत पोरं ते घोकायची. गोल या अर्थाचा अख्खा ऐवज तीन शब्दांत उरकलाय, वर्तुलं निस्तलं वृत्तम्. बास. वर्तुल आणि वृत्त दोन्ही वृत् म्हणजे वळणे, फिरणे यातले (वर्तुलाचंच घासून घासून आपलं वाटोळं झालं, शब्दाचं म्हणतोय मी). पण मधला निस्तल बघा. ज्याला तळ नाही तो. मला ही सगळ्या व्याख्यांमधली भारी वाटते, कारण खरंच, गोटी जमिनीवर ठेवली तर ती बसत नाही, तिला बसायला बूडच नाही. युक्लिडचं एका बिंदूपासून सारख्या अंतरावर वगैरे बरोबरच आहे, त्याशिवाय गणित चालणार नाही, पण ते समजायला आधी बिंदू मानावा लागतो, मग अंतर मानावं लागतं, आणि निस्तल समजायला एक लिंबू पुरतं. त्याच ओळीत पुढे लगेच बंधुर येतं, म्हणजे उंचसखल, खडबडीत. गोल झालं की खडबडीत, असा क्रम का ते अमरसिंहालाच माहीत.

आता परिधि. अमरकोशात याचे अर्थ दोन, आणि दोन्हीत कंपास नाही. एक म्हणजे यज्ञाच्या अग्नीभोवती ठेवायच्या यज्ञीय झाडाच्या काटक्या. या काटक्या तीनच असतात, पश्चिमेला, दक्षिणेला आणि उत्तरेला, पूर्वेला काहीच नाही कारण ती बाजू सूर्य स्वतः राखतो असं वेदांच्या ब्राह्मणग्रंथात म्हटलंय. म्हणजे मूळचा परिधि गोल तर नाहीच, वर एका बाजूने उघडा! दुसरा अर्थ सूर्याभोवती दिसणारं कडं, परिवेष. हा मात्र चांगला गोल. मराठीत त्याला खळं म्हणतात, चंद्राला खळं पडलं असं गावाकडे अजून सर्रास ऐकू येतं, आणि धान्य मळायची गोल जागा तीपण खळंच. वर आकाशात आणि खाली शेतात एकच शब्द, हे असलं काही कोशात सापडलं की माझे दोन तास जातात.

बाकी भूमितीची पेटी उघडली की सगळं धनुष्यच बाहेर पडतं. चाप म्हणजे धनुष्य, जीवा आणि ज्या म्हणजे दोरी, आणि जीवेच्या मध्यापासून चापापर्यंतचा तुकडा तो शर, बाण. त्रिज्या वाचून बरेच जण तीन दोऱ्या शोधतात पण ती तीन राशींची, म्हणजे ९० अंशांची ज्या आहे (या हिशेबात ज्या म्हणजे अर्धीच दोरी), ही ज्या वाढत वाढत तिथे सगळ्यात मोठी होते आणि नेमकी अर्ध्या व्यासाएवढी भरते. केंद्र मात्र आपलं नाहीच, ग्रीक केंट्रॉन, टोचायची पराणी किंवा कंपासचं टोक, ज्योतिषाबरोबर इकडे आलं आणि आता दिल्लीत सरकार चालवतं.

भास्कराचार्यांचं लीलावती काही कोश नाही, पण राहवत नाही म्हणून सांगतो. तिथे परिधीसाठी दोन आकडे दिलेत, ३९२७ भागिले १२५० हा सूक्ष्म आणि २२ भागिले ७ हा स्थूल पण व्यवहाराला चालणारा. मग गोलाचं पृष्ठफळ येतं, वर्तुळाच्या क्षेत्रफळाची चौपट, आणि ते कसलं क्षेत्रफळ हे सांगायला कंदुकस्येव जालम्, म्हणजे चेंडूवर सगळीकडून बसवलेल्या जाळीसारखं. आमच्या पुस्तकात त्या जागी चार पाय आर वर्ग छापलेलं होतं, चौकटीत, आणि खाली पाठ करा असं सरांनी लाल पेनाने लिहायला लावलेलं.