नसलेल्या हेडफोनचा शोध

संगणक दुरुस्तीच्या कामात 'आवाज येत नाही' ही तक्रार मला वरचेवर ऐकायला मिळते आणि बहुधा ती दहा मिनिटांत मिटते. गेल्या पावसाळ्यात मिरजेतल्या एका निवृत्त शिक्षकांकडे मात्र तिच्यासाठी माझी सगळी सकाळ गेली. सरांची दृष्टी पूर्णपणे गेलेली आहे. त्यांच्या संगणकात लिनक्स मिंट ही कार्यप्रणाली आहे. तिच्यावर ऑर्का हा पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, चालतो आणि ईस्पीक एनजी या मजकुराचे बोलणे करणाऱ्या प्रोग्रॅमच्या मराठी आवाजात तो त्यांना बातम्या व पत्रे वाचून दाखवतो. आवाज थांबल्यामुळे त्यांच्यापुरता संगणकच बंद पडला होता. "चार दिवस पेपर वाचलेला नाही," एवढेच ते म्हणाले.

स्पीकर माझ्या मोबाइलला जोडून पाहिले, तर ते व्यवस्थित वाजले. साउंड कार्डे दाखवणाऱ्या 'एप्ले' या आज्ञेच्या यादीत रिअलटेकचे साउंड कार्ड होते आणि ध्वनिनियंत्रकातील पट्टी ऑर्काच्या प्रत्येक शब्दाबरोबर हलत होती, म्हणजे आवाज तयार होऊन कार्डापर्यंत पोचत होता. अल्सामिक्सर या आवाजाच्या पातळ्या ठरवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'लाइन आउट'खाली, म्हणजे मागच्या स्पीकरच्या जोडणीखाली, म्यूटची खूण दिसली. ती काढली, तरीही स्पीकर गप्पच राहिले. अखेरीस माझ्याकडचा हेडफोन कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमध्ये घातला, तेव्हा त्यातून ऑर्का स्वच्छ बोलताना ऐकू आला. घराची चाहूल लागावी म्हणून सर हेडफोन कधीच वापरत नाहीत, त्यामुळे ही गोष्ट त्यांच्या लक्षात येणे शक्यच नव्हते.

मग हेडफोन काढून 'अमिक्सर' या आज्ञेने साउंड कार्डाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पुढच्या जॅकची नोंद अजूनही 'ऑन'च होती. त्या जॅकच्या आतली पत्ती चिकटून राहिली होती, म्हणून संगणक हेडफोन लावलेलाच आहे असे समजत होता आणि 'ऑटो-म्यूट'च्या सोयीप्रमाणे मागच्या स्पीकरचा आवाज तोडत होता. ती सोय बंद केल्यावर आवाज परत आला असता; पण नसलेला हेडफोन प्रणालीला दिसतच राहिला असता आणि एखाद्या दिवशी आवाज पुन्हा तिकडे वळला असता. तो बिघाड ज्यांना पडद्यावर पाहता येणार नाही, त्यांच्या माथी ही जोखीम ठेवणे मला पटले नाही. संगणक बंद करून मी पुढच्या जॅकची ९ पिनांची वायर मदरबोर्डवरून काढून टाकली.

पुन्हा चालू करताच ऑर्का बोलू लागला. पुढचा जॅक आता निकामी आहे हे सांगितल्यावर सरांनी तो बोटाने चाचपून पाहिला आणि काकूंकडून चिकटपट्टी मागवून स्वतःच्या हाताने त्यावर लावली. मग त्यांनी वाचनाचा वेग नेहमीइतका वाढवला. त्या वेगात मला एकही शब्द कळत नव्हता. सर मात्र पहिल्याच बातमीवर थांबून ती काकूंना सांगू लागले होते.