धरणाची नोटीस आणि आमचं वाचनालय

मे महिन्यात तापीकाठच्या आमच्या गावात पारा 44-45 अंशांवर जातो. पत्र्याच्या घरात बसवत नाही, मग अभ्यास कुठून होणार? पोलीस भरती आणि तलाठी परीक्षेची मुलं दिवसभर आमच्या अभ्यासिकेत असतात. वर्तमानपत्रांच्या टेबलाशी पेन्शनर मंडळी. मी इथली ग्रंथपाल.

अशाच एका दुपारी एक म्हातारे शेतकरी नातीला घेऊन आले. देवघेवीच्या खिडकीशी उभे राहून म्हणाले, "ताई, मनी जमीन धरनमा गई. तवयना पेपर तुमनाकडे शे का?"

वाढीव मोबदल्याचा त्यांचा दावा अजून कोर्टात आहे. वकिलांनी भूसंपादनाच्या नोटिशीचं कात्रण मागितलं होतं. 1894 च्या कायद्यात कलम 4 ची अधिसूचना राजपत्रात आणि दोन दैनिकांत छापावी लागे, गावातही जाहीर करावी लागे. यांतली सर्वांत शेवटची तारीख धरून जमिनीची किंमत ठरे. म्हणजे एका तारखेवर या माणसाची सगळी आशा.

"आबा, साल कोणतं?" मी विचारलं.

"लातूरकडे भूकंप झाया, तेना पुढला साल. आखाजीना आंगेमांगे."

किल्लारीचा भूकंप सप्टेंबर 1993 चा, म्हणजे साल 1994. अभ्यासिकेतल्या एका मुलाने मोबाईलवर बघितलं, त्या वर्षी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, मे महिन्याच्या मध्यात होती. एप्रिल आणि मेच्या फायली काढायच्या ठरल्या.

त्या फायली माळ्यावर. दोन मुलांनी पुस्तकं मिटली आणि शिडी लावली. खाली टेबलाशी बसलेले निवृत्त तलाठी अप्पा उठून आले. जाहीर नोटिसा कुठल्या पानावर यायच्या, मजकूर कसा सुरू व्हायचा, हे त्यांना तोंडपाठ. आबांची नात गट नंबर वाचत होती. कागद इतका ठिसूळ झालेला की पान उलटताना कडा तुटत होत्या. मी प्रत्येक पानाखाली पुठ्ठा सरकवत होते. कोणी कोणाच्या नात्यातलं नव्हतं. भरतीची मुलं, पेन्शनर आणि धरणग्रस्त म्हातारा एकाच टेबलावर वाकलेले, असं दृश्य आमच्या गावात दुसरीकडे कुठे दिसेल? चहाच्या टपरीवर माणसं जमतात, पण तिथे 1994 चा एप्रिल ठेवलेला नसतो.

दिवेलागणीच्या आधी नोटीस सापडली. गावाचं नाव, गट नंबर, सगळं. आबांना वाचता येत नाही, तरी त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. मी झेरॉक्सवर दैनिकाचं नाव, तारीख, पान क्रमांक लिहून वाचनालयाचा शिक्का मारला. पुढच्या आठवड्यात त्यांच्या गावातली आणखी माणसं आली, त्याच पानासाठी.

हे सांगते, कारण याच फायली रद्दीत देऊन कपाटासाठी पैसे उभे करावेत, असा विषय आमच्या कार्यकारिणीत एकदा आला होता. सभासदांनी हाणून पाडला, पण प्रश्न खोटा नव्हता. 1967 च्या ग्रंथालय कायद्याने आम्हाला दर्जाप्रमाणे अनुदान मिळतं. त्यातून पगार, पुस्तकं, वीज भागवताना बाइंडिंगला काही उरत नाही. तामिळनाडू, कर्नाटकात घरपट्टीबरोबर ग्रंथालय कर घेतात. आपल्या कायद्यात तो नाही. घरामागे थोडी रक्कम जरी दरवर्षी हक्काने आली, तर माळ्यावरची फाईल खाली येईल, तिला पुठ्ठा लागेल, उन्हाळ्यात दोन कूलर जास्त चालतील. रस्त्याला निधी मागतो, तसाच हाही मागायला हवा. याच्यासाठी हात पसरण्यात लाज कसली?

कार्यकारिणीच्या सभेत मी बाइंडिंगची रक्कम मागितली आणि शिक्का मारलेल्या त्या झेरॉक्सची प्रत पुढे ठेवली. निम्मी मंजूर झाली. उरलेल्या निम्मीसाठी अप्पा आणि मी नगरपालिकेत अर्ज घेऊन जाणार आहोत.