मारच्या अर्लपदाची वंशावळ : माणसांच्या जोडीला आता कागदही

स्कॉटलंडमधील मारच्या अर्लपदाचा तक्ता या टप्प्यात १४०४ पासून १८८५ पर्यंत आणला आहे. त्याआधीच्या भागात फारसा बदल केलेला नाही. डी आणि डॉन या दोन नद्यांच्या खोऱ्यांतील या मुलखाचा मॉर्मेअर, म्हणजे स्थानिक सत्ताधीश, १०१४ साली आयर्लंडमधील क्लॉन्टार्फच्या लढाईत पडला. त्याच्यापासून बाराव्या शतकातील रुआद्रीपर्यंत नाते जोडून देणारा आधार नसल्यामुळे तिथे तुटक रेघही न काढता मोकळी जागा सोडली आहे. तेराव्या शतकानंतर रेघा ठळक होतात. अर्ल डॉनल्डची मुलगी इझाबेला ही रॉबर्ट ब्रूसची पहिली पत्नी, आणि त्यांच्या मुलीपासून पुढचे स्टुअर्ट राजघराणे सुरू झाले. पुढे ज्या स्टुअर्टांनी मार गिळंकृत केले, त्यांच्या धमन्यांत मारचेच रक्त होते, ही गंमत तक्ता समोर पसरल्याशिवाय नजरेत भरत नाही.

खरा गुंता इझाबेल डग्लसपासून सुरू होतो. तिचा मामा, अर्ल थॉमस, निपुत्रिक वारल्यावर मार तिची आई मार्गारेट हिच्याकडे आले होते. भाऊ जेम्स १३८८ मध्ये ऑटरबर्नच्या लढाईत मारला गेला आणि वारसा इझाबेलकडे वळला. तिचा नवरा सर माल्कम ड्रमंड १४०२ च्या सुमारास कैदेत मरण पावला, आणि १४०४ च्या उन्हाळ्यात अलेक्झांडर स्टुअर्टने तिचा किल्ड्रमीचा किल्ला बळकावला. एल्गिनचे कॅथीड्रल जाळणाऱ्या ‘बॅडनॉकच्या लांडग्या’चा हा अनौरस मुलगा. ड्रमंडच्या मृत्यूमागेही त्याचाच हात असावा, असा संशय घेतला जातो.

या एकाच वर्षातले कागद एकाखाली एक मांडल्यावर वंशावळ केवळ माणसांची काढून भागणार नाही, हे स्पष्ट झाले. ऑगस्टमधील सनदेनुसार इझाबेलने अर्लपद अलेक्झांडरला दिले, आणि दोघांना अपत्य झाले नाही तर ते त्याच्या वारसांकडे जावे असे ठरवले. किल्ला त्याच्या ताब्यात असताना दिलेल्या या सनदेला राजाची मंजुरी मिळाली नाही. म्हणून सप्टेंबरमध्ये एक सोहळा घडवून आणला गेला. अलेक्झांडर किल्ल्याच्या दारात आला, जमलेल्या मंडळींसमोर त्याने किल्ल्या आणि ती सनद इझाबेलच्या हातात परत दिली, आणि मग तिने त्या किल्ल्या हातात धरूनच ‘स्वखुशीने’ त्याला पती म्हणून निवडले. ती कितपत खुशीत होती, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. वारसाच्या दृष्टीने महत्त्वाचा मात्र डिसेंबरचा मजकूर आहे : अपत्य नसल्यास अर्लपद आता अलेक्झांडरच्या नव्हे, तर इझाबेलच्या वारसांकडे जायचे होते. जानेवारी १४०५ मध्ये राजा तिसऱ्या रॉबर्टने मंजूर केली ती हीच व्यवस्था.

त्यामुळे तक्त्यात आता माणसे वर्तुळात आणि सनदा चौकोनात दाखवल्या आहेत, आणि वारसाची रेघ चौकोनातून पुढे जाते. १४२६ चा चौकोन येताच याचा उपयोग दिसतो. त्या वर्षी अलेक्झांडरने अर्लपद पहिल्या जेम्सकडे सोपवून परत मिळवले, आणि नव्या अटीनुसार ते त्याच्यानंतर त्याच्या अनौरस मुलाकडे आणि ती शाखा खुंटल्यास राजाकडे जायचे होते. इझाबेल वारली होती, तिला अपत्य नव्हते. म्हणजे अलेक्झांडरपाशी उरला होता तो हयातीपुरता हक्क. जे आपले नाही ते त्याने राजाला कसे दिले, हा इझाबेलचे वारस म्हणून हक्क सांगणाऱ्या एर्स्किन घराण्याचा सवाल मला बिनतोड वाटतो. मुलगा आधीच गेला होता, १४३५ मध्ये अलेक्झांडरही वारला आणि राजाने मारवर हात ठेवला. रॉबर्ट एर्स्किनला १४३८ मध्ये चौकशीअंती वारस ठरवले गेले, तर १४५७ मध्ये दुसऱ्या जेम्सच्या उपस्थितीत अ‍ॅबर्डीनला बसलेल्या पंचांनी तो निर्णय फिरवला. त्यानंतरचे राजपुत्र अर्ल मी एका ओळीत आटोपले आहेत.

१५६५ च्या जूनमध्ये राणी मेरीने जॉन एर्स्किनला मार परत दिले, आणि त्याच्या पूर्वजांवर अन्याय झाल्याचे सनदेतच नमूद केले. पुढची तीन शतके हे पद एर्स्किनांकडे राहिले. मधला खंड १७१५ च्या बंडाचा नेता असलेल्या अर्लमुळे पडला आणि १८२४ मध्ये संसदेच्या कायद्याने भरून निघाला. १८६६ मध्ये अर्ल निपुत्रिक वारला, तेव्हा बहिणीचा मुलगा जॉन गुडीव्ह आणि पुरुषशाखेतील चुलतभाऊ, केलीचा अर्ल, असे दोन दावेदार उभे राहिले. हाउस ऑफ लॉर्ड्सच्या समितीने १८७५ मध्ये केलीच्या बाजूने निकाल दिला. जुने पद लयाला गेले होते, मेरीने डार्न्लीशी लग्नाच्या सुमारास, म्हणजे जुलैअखेरीस, नवे पद निर्माण केले, आणि त्याची सनदच उपलब्ध नसल्याने ते पुरुषवारसांसाठीच होते असे मानावे, असा तो तर्क होता.

हा चौकोन मी रिकामाच काढला आहे. शेजारीच एर्स्किनांचा मूळ हक्क ज्या वाटेने आला ती रेघ आहे : अर्ल गार्टनेटची मुलगी एलीन, तिची मुलगी क्रिश्चन, तिची मुलगी जॅनेट कीथ, आणि जॅनेटचा मुलगा रॉबर्ट एर्स्किन. सलग तीन स्त्रियांमधून आलेला वारसा आणि न सापडलेल्या कागदावरून स्त्रीशाखेला बाहेर ठेवणारा निकाल एकाच पानावर आल्यावर १८८५ चा कायदा का करावा लागला, हे वेगळे सांगावे लागत नाही. त्या कायद्याने प्राचीन अर्लपद गुडीव्ह-एर्स्किनला दिले, १५६५ चे केलीकडे ठेवले, आणि मारचे दोन अर्ल झाले.

अनुक्रमांकांचा प्रश्न त्यामुळे अजून सुटायचा आहे. १७१५ चा बंडखोर प्राचीन रांगेत विसाव्याच्या पुढचा आणि नव्या रांगेत सहावा ठरतो. १५६५ ते १८६६ मधल्या प्रत्येक वर्तुळाखाली दोन रकाने करून दोन्ही आकडे देण्याचे ठरवले आहे, आणि केलीच्या शाखेचा पुढचा भाग त्यानंतरच हाती घेईन.